‘द नॅचरल’ आणि होली ग्रेल : रॉय हॉब्ज नेमका कुठे नापास होतो?

प्रश्न : एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बर्नर्ड मॅलमडच्या ‘द नॅचरल’ (१९५२) या बेसबॉलपटूवरच्या कादंबरीवर प्रबंधिका करते आहे. सरांनी सांगितलंय, डावीकडे ग्रेलच्या (म्हणजे मध्ययुगीन सरदार ज्याच्या शोधात निघतात त्या पवित्र भांड्याच्या) दंतकथेतली पात्रं आणि उजवीकडे कादंबरीतली पात्रं असा तक्ता कर. रॉय हॉब्ज म्हणजे पर्सिव्हल, पॉप फिशर म्हणजे फिशर किंग, वंडरबॉय ही बॅट म्हणजे एक्सकॅलिबर तलवार, वगैरे. तक्ता झाला, पण पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. शिवाय मनात येतं, हे सगळं समीक्षकांनी ओढूनताणून आणलेलं तर नाही?

उत्तर :

शेवटची शंका आधी निकालात काढू. ओढूनताणून काही नाही. मॅलमडने हे ठरवून केलं आहे आणि लपवायची तसदीही घेतलेली नाही. बेसबॉल संघाचं नाव न्यूयॉर्क नाइट्स, म्हणजे चिलखतवाले सरदार. त्याच्या म्हाताऱ्या मॅनेजरचं आडनाव फिशर. सुरुवातीलाच, आगगाडी वाटेत खोळंबलेली असताना, १९ वर्षांचा रॉय ‘व्हॅमर’ नावाच्या नामांकित फलंदाजाला तीन चेंडूंत गारद करतो. आणि ते पाहणारी हॅरिएट बर्ड ही बाई, सर पर्सीने (म्हणजे पर्सिव्हलने) सर माल्डेमरला भाल्याने लोळवावं तसं हे झालं, असं चक्क बोलून दाखवते. लेखक याहून जास्त काय ओरडून सांगणार?

म्हणून तुमचा तक्ता चुकलेला नाही, पण त्याने काही सिद्धही होत नाही. ती लेखकानेच हातात दिलेली यादी आहे. पत्रिकेतले छत्तीसपैकी तीस गुण जुळले म्हणून त्या दोघांचा संसार कसा चाललाय ते थोडंच कळतं? शिवाय ही जुळवाजुळव आधीच होऊन गेली आहे. अर्ल वॉसरमन यांच्या १९६५च्या लेखात ती इतकी तपशिलाने आहे, की तेच पुन्हा मांडून तुमच्या पदरात फारसं काही पडायचं नाही. तुम्ही जिथे जुळत नाही तिथे बघा. दंतकथेतली एक मोठी गोष्ट मॅलमडने उलटी केली आहे, आणि माझ्या मते सगळी कादंबरी त्या उलटापालटीवर उभी आहे.

त्यासाठी मूळ कथा नीट माहीत हवी, आणि ती राजा आर्थरच्या कथा सांगणाऱ्या इंग्रज लेखक मॅलरीची नको. मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या ग्रंथात ग्रेलच्या शोधाचा नायक आहे गॅलहॅड. तो मुळातच निष्कलंक. त्याच्या हातून चूक होतच नाही, त्यामुळे कादंबरीकाराला तो फारसा कामाचा नाही. तुम्हाला हवा त्याच्या आधीचा, चुकणारा पर्सिव्हल. साधारण ११८० ते ११९०च्या दरम्यान क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने फ्लँडर्सचा काउंट फिलिप याच्यासाठी ही पद्यकथा लिहायला घेतली. नऊ हजारांहून जास्त ओळी झाल्या आणि ती अपुरीच राहिली. पण आपल्याला लागणारं सगळं त्यात आहे.

पर्सिव्हल वेल्समधल्या रानात विधवा आईजवळ वाढलेला. नवरा आणि दोन मोठी मुलं सरदारकीपायी गेली, म्हणून आईने या धाकट्याला शस्त्रास्त्रांचं वारंही लागू दिलेलं नाही. एक दिवस रानात पाच चिलखतवाले स्वार येतात. त्यांचा झगमगाट बघून याला वाटतं, हे देवदूतच. त्यांचा म्होरक्या विचारतो, इकडून कुणाला जाताना पाहिलंस का? उत्तर द्यायचं सोडून पोरगा भाल्याला हात लावतो : हे काय आहे? मग ढालीला हात : आणि हे? मग चिलखत : हे घालूनच जन्मलास का तू? म्होरक्या बिचारा एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहतो आणि बाकीचे स्वार वैतागतात. वर्गात हा भाग वाचून दाखवला की मुलं हमखास हसतात. हसू द्यावं, पण तो प्रसंग लक्षात ठेवायला सांगावं. कारण पुढे याच पोराच्या तोंडून एक प्रश्न फुटणार नाही, आणि त्यापायी एक राज्य उजाड राहणार आहे.

तो सरदार व्हायला निघतो. पुलाशी आई कोसळते. तो मागे वळून बघतो, ती पडलेली त्याला दिसते, आणि तरीही घोड्याला चाबूक मारून तो पुढे जातो. पुढे गोर्नमाँ नावाचा जाणता सरदार त्याला शस्त्रं चालवायला शिकवतो आणि शहाणपण सांगतो : फार बोलू नये, आणि ‘आई म्हणाली होती’ असं सारखं म्हणू नये. उपदेश चांगलाच आहे. घात त्यानेच होतो.

एका संध्याकाळी नदीत होडीतून गळ टाकून बसलेला एक माणूस पर्सिव्हलला रात्रीच्या मुक्कामाला बोलावतो. हाच फिशर किंग. लढाईत भाला दोन्ही मांड्यांतून आरपार गेल्यापासून त्याला घोड्यावर बसता येत नाही, म्हणून मासेमारीत मन रमवतो. वाड्यात जेवणाची पंगत बसलेली असताना समोरून एक मिरवणूक जाते. एका तरुणाच्या हातात पांढरा भाला, आणि त्याच्या टोकातून रक्ताचा थेंब ओघळतोय. मागून दीपमाळा. मग एका मुलीच्या हातात सोन्याचं, रत्नजडित पात्र, तेच ग्रेल. दर पदार्थागणिक ते समोरून जातं. पर्सिव्हलला विचारावंसं वाटतं, यातून कुणाला वाढताय? पण गोर्नमाँचा उपदेश आठवतो. सकाळी विचारू, म्हणतो. सकाळी उठून बघतो तर वाडा रिकामा. बाहेर पडतापडता उचलपूल वर जातो. नंतर कळतं, नुसतं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता आणि राज्याचं भलं झालं असतं.

इथे औषध, मंत्र, तलवार, पराक्रम यातलं काहीच कामाचं नव्हतं. फक्त विचारायला हवं होतं. पुढे तेराव्या शतकाच्या आरंभी जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाख याने हाच प्रश्न आणखी साधा केला. त्याच्या काव्यात पार्त्सिव्हाल शेवटी परत येऊन जखमी राजाला विचारतो : मामा, तुम्हाला काय होतंय? तेवढ्याने राजा उठून उभा राहतो. क्रेतियाँच्या कथेत एक साधू पर्सिव्हलला सांगतो की आईला तसंच टाकून आलास, त्या पापाने तुझी जीभ बांधली. पडलेल्या माणसाकडे बघून पुढे जायची सवय एकदा लागली, की समोरच्याची जखमही दिसेनाशी होते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता दुसरा धागा. तो थेट आपल्याकडे येतो, आणि तुमच्या प्रबंधिकेत नवीन काही असेल तर ते इथेच सापडेल असं मला वाटतं.

जेसी वेस्टन या विदुषीने १९२० मध्ये ‘फ्रॉम रिच्युअल टू रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं की ग्रेलच्या कथेखाली पाऊसपाण्याचे आणि पिकापाण्याचे फार जुने विधी आहेत; राजा दुखणाईत म्हणजे जमीन नापीक, राजा बरा म्हणजे नद्यांना पाणी. पुढच्या विद्वानांनी हा सिद्धान्त फारसा टिकू दिला नाही. पण १९२२ मध्ये कवी टी. एस. एलियटने ‘द वेस्ट लँड’च्या टिपांत तिचं ऋण मान्य केलं आणि लेखकांच्या दोन पिढ्यांच्या डोक्यात वेस्टनबाई जाऊन बसल्या. (पुढे १९५६ मध्ये एलियटने, टॅरोचे पत्ते आणि ग्रेल यांच्या मागे वाचकांना उगाच धाडलं, अशी हळहळ व्यक्त केली. उशीर झाला होता.) मॅलमडची पिढी ही त्यानंतरची. तेव्हा सिद्धान्त खरा की खोटा हा आपला प्रश्नच नाही. कादंबरीकाराच्या हाती ती सामग्री आलेली होती, इतकं पुरे.

आणि या पुस्तकात वेस्टन पर्सिव्हलच्या शेजारी कुणाला बसवते? महाभारताच्या वनपर्वातल्या ऋष्यशृंगाला. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. अंगदेशाचा राजा लोमपाद ब्राह्मणांशी खोटेपणाने वागला, म्हणून राज्यात पाऊस पडेना. उपाय असा की विभांडक ऋषींचा मुलगा ऋष्यशृंग राज्यात आणायचा. हा मुलगा रानातच वाढलेला, बाई म्हणजे काय हे त्याने पाहिलेलंच नाही. राजा गणिकेला पाठवतो. ती नावेवर आश्रम थाटून जाते. ऋष्यशृंगाला वाटतं, हा कुणीतरी सुंदर बटू आला आहे. वडील परत आल्यावर तो या पाहुण्याचं जे वर्णन करतो ते मुळातून वाचा, फार बहारीचं आहे. त्यात तो सांगतो, त्याच्याजवळ एक गोल फळ होतं, उजव्या हाताने मारलं की जमिनीवर आपटून पुन्हा वर उडायचं. चेंडू! बेसबॉलच्या कादंबरीवर लिहिताना हा तपशील माझ्याने सोडवत नाही, तुम्ही हवं तर सोडा.

स्वारांना देवदूत समजणारा पर्सिव्हल आणि गणिकेला बटू समजणारा ऋष्यशृंग यांचं साम्य उघड आहे. फरक जास्त महत्त्वाचा. ऋष्यशृंगाला काहीच करावं लागत नाही. त्याचा पाय राज्यात लागतो आणि धो धो पाऊस पडतो. कसोटी नाही, प्रश्न नाही, पश्चात्ताप नाही. त्याच्यात आहे ते उपजत आहे, आणि तेवढ्यावर भागतं. पर्सिव्हलचं उपजत गुणांवर भागत नाही. शस्त्रविद्या त्याला चुटकीसरशी येते, पण राजा त्याने बरा होत नाही.

आता कादंबरीकडे या. ३४ वर्षांचा रॉय नाइट्स संघात दाखल होतो तेव्हा पॉप फिशर मैदानाच्या कडेला बसून कुरकुरतोय : आपण शेतकरी व्हायला हवं होतं, पावसाचा थेंब नाही, गवत करपलंय, मैदानाला भेगा पडल्यात, आपलं काळीजही मातीसारखं कोरडं झालंय. आणि त्याचं दुखणं? पायाला होणाऱ्या चिखल्या याच्या हातांना झाल्या आहेत, हातांना बँडेज. मांड्यांतून भाला गेलेल्या राजाच्या जागी हाताला चिखल्या झालेला मॅनेजर बसवायला हिंमत लागते. हसू येतं, आणि तरी म्हाताऱ्याची कीव येते. कादंबरीचा सूर पकडायचा असेल तर हे पान पुन्हा पुन्हा वाचा.

मग रॉयला पहिल्यांदा फलंदाजीला पाठवताना पॉप म्हणतो, चेंडूचं कातडं सोलून काढ. रॉय, विजेने उभ्या चिरलेल्या झाडापासून स्वतःच्या हाताने केलेली वंडरबॉय फिरवतो, आणि अक्षरशः चेंडूचं कातडं सुटतं, आतला दोरा उलगडत मैदानभर जातो. आकाशात तोफांच्या सलामीसारखा आवाज होतो. टपटप थेंब पडायला लागतात. मग पाऊस लागतो, मैदान हिरवं होतं; पुढे संघ जिंकत जातो तसे पॉपचे हातही बरे होतात.

तक्त्यात तुम्ही याला ‘ग्रेलचा वीर येऊन उजाड भूमी सुपीक करतो’ असं लिहिलं असणार. पण बघा, रॉयने इथे कुणाला काय विचारलं? काहीच नाही. तो आला आणि पाऊस पडला. हा पर्सिव्हल नाही, हा ऋष्यशृंग आहे. कादंबरीचं नावही तेच सांगतं : उपजत देणगी असलेला माणूस. मॅलमडने वनपर्व वाचलं होतं असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. वेस्टनने जे दोन नमुने शेजारी ठेवले, ते दोन्ही या एका माणसात आहेत, एवढंच म्हणा. पहिला नमुना रॉयला सहज साधतो. दुसऱ्यात तो चार वेळा नापास होतो.

चार वेळा म्हणतोय ते नीट सांगतो, कारण उलटापालट इथेच आहे. दंतकथेत वीराने दुसऱ्याला विचारायचं असतं. कादंबरीत दुसरे वीराला विचारतात.

पहिल्यांदा विचारते हॅरिएट बर्ड, आगगाडीत. तुला काय साधायचं आहे? रॉय म्हणतो, मी रस्त्याने चाललो की लोकांनी म्हणावं, तो बघा रॉय हॉब्ज, या खेळात असा दुसरा झाला नाही. ती म्हणते, बस, एवढंच? त्याला कळतच नाही, याहून जास्त काय असतं. ती त्याला एक वाट दाखवून बघते, खेळापलीकडचं, स्वतःपलीकडचं काही आहे का म्हणून. तो गोंधळतो. नंतर शिकागोच्या हॉटेलात ती तेच पुन्हा विचारते, तो तेच उत्तर देतो, आणि ती त्याच्या पोटात चांदीची गोळी घालते. आयुष्याची १५ वर्षं त्या गोळीत जातात.

गोळीचा प्रसंग मात्र दंतकथेतून आलेला नाही, तो वर्तमानपत्रातून आला आहे. १९४९ मध्ये एडी वेटकस या फिलाडेल्फियाच्या खेळाडूला शिकागोतल्या एजवॉटर बीच हॉटेलात एका तरुण चाहतीने गोळी घातली होती. मॅलमडचं कसब असं की त्याने त्या बातमीच्या आधी एक प्रश्न ठेवला. बातमीत वेडसर वाटणारी बाई कादंबरीत परीक्षक होऊन बसते. वेडसरही राहते, हे विशेष.

दुसरी वेळ आयरिस लेमनची. रॉयचा फॉर्म गेलेला असताना ही अनोळखी बाई प्रेक्षकांत एकटी उभी राहते, केवळ त्याच्यावर विश्वास आहे हे त्याला दिसावं म्हणून. नंतर तळ्याकाठी ती विचारते, हे विक्रम तुला कशासाठी मोडायचे आहेत? तो म्हणतो, कुणाला मोडता येणार नाहीत असे विक्रम मागे राहिले की लोक आठवण काढतात, म्हणजे आपण एका अर्थी मरतच नाही. मरणाची भीती वाटते का, असं ती सरळ विचारते. रॉयचं म्हणणं, त्याचा इथे काय संबंध! तीच त्याला सांगते की माणसाला दोन आयुष्यं असतात, एक शिकायचं आणि त्यानंतरचं एक जगायचं. साऱ्या कादंबरीत रॉयला काही शिकवू शकेल अशी हीच एक व्यक्ती. पण ३३ वर्षांची ही बाई आजी झालेली आहे, हे कळल्यावर त्याचं मन उडतं. कारण आजीच्या शेजारी उभं राहिलं की आपलंही वय झालं, हे कबूल करावं लागतं.

इथे एक गोष्ट मला कुणाच्या तक्त्यात फारशी ठळकपणे दिसलेली नाही, ती तुम्ही घ्या. वोल्फ्रामच्या काव्यात ग्रेल ज्याला जे हवं ते खायला पुरवतं. आणि रॉय? त्याला भूक. ज्या मेमो पॅरिसवर त्याचं मन बसलंय तिच्या पार्टीत तो अधाशासारखं खातो, तरी पोट भरत नाही, बाहेर जाऊन आणखी खातो, आणि शेवटी इस्पितळात पोचतो. पोट बिघडल्याचा विनोदी प्रसंग म्हणून लोक तो सोडून देतात. पण ग्रेलच्या मेजवानीची याहून क्रूर नक्कल दुसरी नसेल. सगळं ताटात आहे आणि पोटात खड्डाच.

तिसरी वेळ शेवटच्या सामन्याची. पॉपला जन्मात एकदा अजिंक्यपद हवंय. संघावर त्याचा भागीदार जज बॅनर याचा डोळा आहे. म्हणजे आजारी राजा समोर आहे, त्याचं दुखणं उघड आहे, ते बरं करायची ताकद रॉयच्या हातात आहे. आणि रॉय ३५ हजार डॉलर घेऊन सामना सोडायचं कबूल करतो. पॉपबद्दल त्याला माया नाही असं नाही, ती आहेच. पण हिशेब करताना पॉपचं दुखणं एका पारड्यात आणि स्वतःची गरज दुसऱ्यात पडते. सामना चालू असताना, टर उडवणाऱ्या एका प्रेक्षकाला मुद्दाम मारलेला चेंडू उसळून आयरिसच्या तोंडावर बसतो. जखमी आयरिस त्याला सांगते की तिच्या पोटात त्याचं मूल आहे, आणि त्याने जिंकावं. तेव्हा कुठे तो प्रामाणिक खेळायला लागतो. पण मग वंडरबॉय उभी चिरते.

त्यानंतरचा चेंडू टाकणारा यंगबेरी मुद्दाम बघा. अवघा २० वर्षांचा, खेड्यातला पोरगा, आणि त्याचं स्वप्न काय, तर स्वतःची शेती. सुरुवातीला पॉप म्हणाला होता ना, शेतकरी व्हायला हवं होतं म्हणून? आता तो शेतकरी आला आहे, पण समोरच्या संघातून. बेसबॉलची सवय नसेल तर इतकं लक्षात ठेवा की तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद. सुरुवातीला रॉयने ३३ वर्षांच्या व्हॅमरला असंच तीन चेंडूंत उडवलं होतं आणि व्हॅमर गाडीकडे परतला तो म्हातारा होऊनच. आता यंगबेरी रॉयला उडवतो. जुना राजा, नवा राजा, पुन्हा जुना. वेस्टनच्या मागे उभा असलेला, जुन्या राजाला मारून नवा येतो अशा विधींवर लिहिणारा मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर इथे डोकावतो. पण माझं लक्ष या चक्राकडे कमी जातं. रॉय शहाणा झाला तो नेमका उपजत बळ संपलं तेव्हा, हे मला जास्त टोचतं. ऋष्यशृंग संपतो आणि पर्सिव्हल सुरू होतो, पण दोघे एका वेळी मैदानावर नसतात.

चौथी वेळ शेवटच्या पानावर. रॉय जजच्या डोक्यावर लाचेच्या नोटा उधळून रस्त्यावर आलेला आहे. पेपरात बातमी फुटली आहे. एक पोरगा म्हणतो, रॉय, हे खरं नाही म्हणून सांग ना. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे खाऊन सामने घालवले, तेव्हा त्यांच्यातल्या जो जॅक्सनला एका मुलाने असंच विनवलं होतं अशी आख्यायिका आहे. तिचाच हा प्रतिध्वनी. रॉयला ‘खरं नाही’ म्हणायचंय आणि म्हणता येत नाही. पहिल्या दोन प्रश्नांना त्याच्याकडे झटपट उत्तर होतं. या वेळी खोटं बोलवत नाही, आणि माझ्या हिशेबी रॉयची एकमेव प्रगती ती. त्याच्या थोडं आधी तो स्वतःशी म्हणतो, मागच्या आयुष्यातून आपण काहीच शिकलो नाही, आता पुन्हा सोसायचं. वोल्फ्रामचा नायक वर्षानुवर्षं भटकून परत वाड्यावर येतो आणि राहिलेला प्रश्न विचारतो. मॅलमड आपल्या नायकाला परतीची वाट देत नाही. निदान पानांत तरी नाही.

कादंबरीत सगळं नेटकं जमलंय असंही मी म्हणणार नाही. मधला भाग दंतकथांनी जड झाला आहे. जजचा काळोखा मनोरा, काचेच्या डोळ्याचा बुकी गस सँड्स, हे चित्रातले खलनायक वाटतात. माणूस म्हणून त्यांची धडकी भरत नाही. मेमोचंही तेच. तिला आर्थरची मायावी बहीण मॉर्गन ल फे करायच्या नादात, प्रियकर बंप बेलीच्या मरणाने खरोखर खचलेली बाई मॅलमडच्या हातून निसटली. पहिलीच कादंबरी होती, असं म्हणून सोडून द्यायचं. परीक्षकांनी विचारलं तर मात्र हे बिनधास्त सांगा. लेखकाची कड घेत राहणं हे प्रबंधिकेचं काम नव्हे.

तुलनेसाठी दुसरी कादंबरी हवीच असेल, तर फिट्झजेराल्डचा गॅट्स्बी (१९२५) आणि हेमिंग्वेचा जेक बार्न्स (१९२६) यांच्यावर लिहून लिहून लोक थकले आहेत. त्यापेक्षा डेव्हिड लॉजची ‘स्मॉल वर्ल्ड’ (१९८४) घ्या. तिच्यात इंग्रजीचे प्राध्यापक परिसंवादामागून परिसंवाद करत विमानाने जगभर हिंडतात, आणि हाच त्यांचा ग्रेलचा शोध. आर्थर किंगफिशर नावाचा म्हातारा समीक्षक सर्व अर्थांनी वांझ झाला आहे. नवखा पर्स मॅकगॅरिगल न्यूयॉर्कच्या भर सभेत उठून व्यासपीठावरच्या दिग्गजांना विचारतो : सगळ्यांना तुमचं म्हणणं पटलं, तर पुढे काय? एकालाही उत्तर देता येत नाही, पण किंगफिशर ताजातवाना होतो आणि ऐन हिवाळ्यात शहराची हवा उबदार होते. त्यात वेस्टनबाईंची विद्यार्थिनी म्हणवणारी एक म्हातारी पात्र म्हणून हिंडते, ते वेगळंच. इथे प्रश्न विचारला जातो आणि लागूही पडतो, कारण ही सुखात्मिका आहे. एकच दंतकथा शोकात्म आणि विनोदी अशा दोन्ही अंगांनी कशी वळते, ते या जोडीत स्वच्छ दिसतं.

आता कामाचं. तक्ता फेकू नका, परिशिष्टात टाका. सरांचंही समाधान होईल. पहिल्या प्रकरणात क्रेतियाँची वाड्यातली रात्र बारकाईने घ्या, इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. दुसऱ्यात वेस्टन आणि ऋष्यशृंग, पण थोडक्यात, आणि वेस्टनचा सिद्धान्त विद्वानांनी मागे टाकलाय हे स्पष्ट लिहून. तिसऱ्यात पावसाचा प्रसंग, चौथ्यात रॉयला विचारलेले प्रश्न, एकेक सुटा. हॅरिएट आणि आयरिस यांना ‘वाईट बाई, चांगली बाई’ असं वाटून टाकू नका. दोघी एकच गोष्ट विचारतात. एकीजवळ पिस्तूल आहे, इतकाच फरक, आणि तो फरक मॅलमडला का लागला यावर तुमची चारपाच पानं सहज होतील.

रॉबर्ट रेडफोर्डचा १९८४चा चित्रपट प्रबंधिका लिहून होईपर्यंत बघू नका. त्यात रॉय शेवटच्या चेंडूवर होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारतो, मैदानावरचे दिवे फुटून ठिणग्यांचा पाऊस पडतो, सगळं गोड होतं. चित्रपट म्हणून तो छानच आहे. पण एकदा तो डोक्यात बसला की कादंबरीचा शेवट वाचताना आपण नकळत त्या ठिणग्यांची वाट बघत राहतो, आणि गेली काही वर्षं माझ्याकडे आलेल्या निम्म्याअधिक प्रबंधिकांत रॉय जिंकलेला असतो.